तांबड्या पेटीतली एकशे एकोणीस मतं

लोकल बोर्डाच्या निवडणुकीत आबाजी एकसष्ट मतांनी पडले.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. पोशिरात सगळे तसंच समजून चालतात, आणि मला अजून गावातच राहायचं आहे.

तर मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. लांबी दीड हात, उंची एक हात, झाकणाला मधोमध फट. मुक्काम पोशीर, तालुका कर्जत, मारुतीच्या देवळाची पडवी. अंगावर शेंदराचे इतके थर आहेत की आतलं लाकूड कोणतं हे आता मलाही आठवून सांगावं लागतं. शिवणीचं आहे.

सन सेहेचाळीसच्या माघात मला पदू सुताराने बनवलं. तालुक्याहून चिठी आली होती की मतदारांना वाचता येत नाही, सबब प्रत्येक उमेदवाराला एक रंग. गावाने दोन पेट्या करून ठेवाव्यात, एक तांबडी, एक पिवळी. तांबडी आबाजींची, पिवळी मालोजींची. मतदाराने हातातला कागद आपल्या आवडीच्या रंगात टाकायचा, की झालं लोकांचं राज्य.

पदू हुशार कारागीर होता, पण एका वेळी एकच काम पुरं करण्याची त्याला सवय नव्हती. माझी उजवी फळी त्याने रंधा मारून अशी गुळगुळीत केली की माशी बसली तर घसरावी. डावीकडे वळणार, तेवढ्यात कुणीतरी मोडका नांगर घेऊन आलं. पदू म्हणाला, "डावीकडं कोन बघतंय." आणि डावी फळी तशीच खरबरीत राहिली. मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. गावावर पुढे जे काही आलं ते या अर्ध्या रंध्यातून आलं.

मग रंगाचा प्रश्न. पिवळीला पिवडी फासली. माझं काम अडलं. लढाई संपली होती, पण डब्यातला रंग काही अजून बाजारात परतला नव्हता. पदूने गेरू लावून पाहिला, तर चिठीत 'भडक तांबडा' असं स्पष्ट लिहिलेलं. तेव्हा पदू मारुतीच्या देवळात गेला, कोनाड्यातला शेंदूर उचलला, तेलात कालवला आणि मला नखशिखांत फासला. सरकारी हुकमाची इतकी तंतोतंत तामिली त्या तालुक्यात पूर्वी झाली नसेल.

आता उमेदवारांविषयी. मालोजी खालापूरकडचे. ते बैलगाडीत उभे राहून बोलत. त्यांनी पोशीरच्या नदीवर दगडी पूल कबूल केला, पुलावर दिवे कबूल केले आणि दिव्यांखालून जायला मोटारही कबूल केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून सोनुबाईने विचारलं, "मोटार ऱ्हाऊं द्या, भाऊ. चार फळ्या कवा पडतील?"

मालोजी म्हणाले, सविस्तर विचार चालू आहे.

सोनुबाई ही गावची सुईण. नवरा गेल्यावर दीड एकर भातजमीन तिच्या नावावर लागली होती आणि त्या काळी ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मत, म्हणून गावातल्या ज्या तीन बायांना मत होतं त्यांतली ती एक. अर्धं पोशीर तिच्या हातावर जन्मलं होतं. तिची लेक जना नदीपलीकडे दिलेली, आणि जनाला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दुसरं सासरीच, अशी रीत. दिवस आषाढात भरत होते. आषाढात आमची नदी कुणाला विचारत नाही. जनाच्या वाडीत सुईण नव्हती. सोनुबाईला पलीकडे जायला नदीवर एक लाकडी साकव हवा होता. एवढाच तिचा निवडणुकीचा जाहीरनामा.

आबाजी बोलत कमी. ते एक दिवस आले आणि सागाचे दोन लांब ओंडके काठावर टाकून गेले. म्हणाले, "निवडून आलो की बोर्डाची मंजुरी घेतो. आठ दिवसांत साकव."

गावचे हिरामणदादा, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं, ते पारावर म्हणाले, "मुंबैत राज कोनाचं आलं नि कोनाचं गेलं, आपल्याला काय त्याचं? आपल्याकडं येतो तो तलाठी. पन ह्या आबाजीनं वंडके टाकलेत रं. इतकी वर्सं लोकांनी नुसते शबुद टाकले."

तेव्हा गाव आबाजींचं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कुणाच्या वाइटावर टपून झालं नाही. सगळं भक्तीने झालं.

मतदान फाल्गुनात, देवळाच्या पडवीत. शाळाही तिथेच भरायची, म्हणून बाक होते. एका बाकावर मी, शेजारी पिवळी. समोर तालुक्याहून आलेले कारकून, डोक्याला टोपी, कपाळाला आठ्या.

पहिलं मत सोनुबाईचं. ती आली, कागद माझ्या फटीत सोडला, वरून दोन थापट्या मारल्या आणि म्हणाली, "नीट सांभाळ गं." मला त्या दिवशी पेटी म्हणून वागवणारी ती पहिली आणि शेवटची.

दुसरे हिरामणदादा. ते पायऱ्या चढून वर आले आणि थबकले. देवळाची पडवी, वर बाक, बाकावर शेंदूर. त्यांनी पायताण काढलं, दोन्ही हात जोडले, कागद टाकला आणि मागून जास्वंदीचं फूल टाकलं. तिसऱ्याने कागद टाकला आणि गुळाचा खडा. दुपारपर्यंत माझ्यापुढे उदबत्ती लागली होती. कारकुनांनी हरकत घेतली. हिरामणदादा म्हणाले, "सायेब, तुमी तुमचं लिवा. आमी आमचं करतो."

पिवळीकडे कुणी फिरकेना. दिवसभरात तिला आठ मतं मिळाली, तीही नमस्काराशिवाय.

मग विठू भगत आला. आमच्याकडे देवाला कौल लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. ओले तांदळाचे दाणे देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचे आणि सवाल घालायचा. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. विठूने दोन दाणे मला चिकटवले आणि सगळ्यांच्या वतीने विचारलं, "तू देव हायस का?"

उजवी फळी गुळगुळीत. दाणा पडला.

विठूने पुन्हा दाणे लावले. "आबाजी येतील का निवडून?"

दाणा पडला. उजवाच. मित्रांनो, मला डावा दाणा पाडताच येत नाही. मी प्रत्येकाला होच म्हणते. उमेदवाराच्या पेटीला हे शोभून दिसलं, एवढंच.

संध्याकाळी कारकून उठले. दोन्ही पेट्या गाडीत घालून कर्जतला न्यायच्या होत्या, मोजणी तिथे. पिवळी गाडीत चढली. माझ्याकडे हात गेला तसा विठू आडवा आला. बसलेला देव असा उचलून नेतात होय? त्याला विचारायला हवं.

"विचारायचं काय त्यात," सोनुबाई म्हणाली. "पेटी हाय ती. पदूनं माज्या डोल्यांदेखत केलेय. आत मतं हायत रं, ती जाऊं द्या."

पदू तिथेच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पदू म्हणाला, "मी केलेय खरी. पन देवाची मूर्तबी कोनतरी करतोच ना."

विठूने दाणे लावले. "देवा, तू हितंच ऱ्हानार का?"

दाणा पडला. उजवा.

"आता उलटा सवाल घाल," सोनुबाई म्हणाली. "कर्जतला जानार का म्हनून विचार. एकदाच विचार रं, विठू. माज्या जनासाटी विचार."

विठू म्हणाला, "देवाला दोनदा विचारत नाय, सोनुबाय."

मित्रांनो, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

अंधार पडायच्या आत कारकुनांना घाटातली वाट उरकायची होती. त्यांनी मांडीवर वही घेतली आणि अक्षर न बिघडवता लिहिलं: 'तांबडी पेटी स्थानिक धार्मिक कारणास्तव अनुपलब्ध. सबब सदर पेटीतील मते निरंक.' मग गाडी गेली. माझ्या पोटात एकशे एकोणीस मतं होती. मी मोजली आहेत; मला दुसरं काम काय.

साऱ्या मतदारसंघात मिळून आबाजी एकसष्ट मतांनी पडले. म्हणजे हे पुन्हा तुम्ही वाचलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आबाजी गावात आले, तर लोकांनी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. आबाजी म्हणाले, "अरे, मी पडलोय."

"ते कागदावर," हिरामणदादा म्हणाले. "हितं कौल झालाय."

आबाजींनी हार चाचपून पाहिला. मग माझ्यासमोर आले आणि त्यांनीही हात जोडले. पडलेल्या माणसाला कुठूनतरी निवडून यायला बरं वाटत असावं.

आठवड्याने मालोजीही आले. पोशीरला नवा देव बसल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मला पितळी घंटा वाहिली. ज्या पेटीत त्यांचा पराभव कोंडलेला होता तिच्यापुढे त्यांनी डोकं टेकवलं आणि समाधानाने परत गेले. पुलाचा विचार सविस्तर चालू होता.

चैत्र गेला, वैशाख गेला. ओंडके काठावर पडून. सोनुबाई घरोघर फिरली. "मंजुरी गेली खड्ड्यात. दहा जन या, वंडके आडवे टाकू, फळ्या ठोकू. दोन दिसांचं काम."

लोक म्हणत, "अगं, आबाजी निवडून आलेत ना? ते करतीलच. आपन मधी हात घातला तर त्यांचा अपमान व्हायचा."

ती आबाजींकडे गेली. आबाजी म्हणाले, "सोनुबाई, मी बोर्डात नाही. मंजुरी मी कशी आणू?" ती मालोजींच्या माणसाकडे गेली. तो म्हणाला, पोशिराने आम्हाला आठ मतं दिली. आठ मतांत साकव बसत नाही. ती पदूकडे गेली. पदू म्हणाला, चार माणसं आण, मी लगेच येतो. चार माणसं मला कौल लावायला आली होती. साकव बांधावा का, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. पोरीचं लगीन जमेल का, बैल बरा होईल का, पाटलाशी भांडण मिटेल का, असं विचारलं. मी सगळ्यांना हो म्हटलं.

आषाढात नदी चढली. सागाचे दोन्ही ओंडके तिने एका दुपारी उचलून नेले. नदीवर ओंडके टाकायचं आश्वासन साऱ्या मतदारसंघात तिनेच काय ते पुरं केलं.

मी तिथे नव्हते. देवाला नदीवर कोण नेतं? पुढचं पदूने पडवीत बसून हिरामणदादांना सांगितलं ते ऐकलं. जनाचे दिवस भरल्याचा सांगावा नदी चढायच्या आधल्या दिवशी अंधार पडल्यावर आला होता; उजाडलं तेव्हा पाणी चढलेलं. सोनुबाई एरंडेलाची बाटली, विळा आणि जुन्या लुगड्याच्या घड्या असं गाठोडं डोक्यावर घेऊन काठाला उभी राहिली. तीन दिवस. दोनदा पाण्यात उतरली, दोनदा पदूने तिला दंडाला धरून मागे ओढलं. तिसऱ्या दिवशी पलीकडे जनाचा दीर आला. पाण्याच्या आवाजात हाक पोचेना. त्याने आधी दोन्ही हात वर करून बोटाने घराकडे दाखवलं आणि होकाराची मान हलवली. म्हणजे जना जगली आहे. मग हातांचा पाळणा केला. आणि मग तो पाळणा सोडून दिला.

सोनुबाई गाठोडं खाली ठेवून त्यावर बसली. पदू म्हणाला, रडली नाही. "मला म्हनली, पदू, मुलगा व्हता का मुलगी तेवडं इचार त्याला. मी हातवारं करून लई इचारलं. त्याला नाय समजलं."

हिरामणदादा त्या दिवशी पारावर गेले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी सोनुबाई देवळात आली. पडवीत कुणी नव्हतं. तिच्या हातात कोयता होता. मला वाटलं, सुटले. एक घाव झाकणावर, की एकशे एकोणीस मतं जमिनीवर पडतील, कुणीतरी उचलेल, कुणीतरी मोजेल. तिने कोयता उगारला. मी लाकूड आहे, मला भीती वाटत नाही. पण त्या वेळी मी जितकी वाट पाहिली तितकी झाड होते तेव्हा पावसाचीही पाहिली नसेल.

कोयता वरच राहिला. मग हळूच खाली आला. तिने तो बाकाखाली ठेवला, पदर डोक्यावरून घेतला. समोरच्या ताटलीतले दोन ओले दाणे उचलले आणि माझ्या दोन्ही अंगांना लावले.

"जनाला फिरून दिवस गेले तर," ती म्हणाली, "ते लेकरू ऱ्हाईल का?"

मला पेटी म्हणणारं एकच माणूस गावात होतं.

दाणा पडला. उजवा.

तिने तो दाणा उचलून पदराच्या टोकाला बांधला आणि ती गेली. कोयता विसरली. तो अजून इथेच आहे, गंजलेला.

त्यालाही आता काही वर्षं झाली. मधल्या काळात झेंडा बदलला, साहेब बदलले, कारकून तेच राहिले. पुढची निवडणूक येणार म्हणतात आणि पारावर पुन्हा पुलाचं बोलणं निघतं. मला वाळवी लागली आहे. आजवर तिने एकतीस मतं खाल्ली. अठ्ठ्याऐंशी शिल्लक आहेत. म्हणजे आबाजी अजूनही सत्तावीस मतांनी पुढे आहेत.

तरी मेहेरबान सरकार, जे कोण असेल ते, यांचे सेवेशी तांबडी पेटी, मुक्काम पोशीर, हिचा अर्ज असा की: अर्जदार ही देव नसून पेटी आहे, असा लेखी दाखला मिळावा. अर्जदाराच्या अंगावरील शेंदूर सरकारी इतमामाने खरवडून काढावा. पोटातील उरलेली मते वाळवीने ती आघाडीची सत्तावीस खाण्यापूर्वी दोन साक्षीदारांसमक्ष मोजावीत. त्यांतील सर्वांत तळाचा कागद सोनुबाईचा आहे, तो दुमडू नये. आणि हे काही जमत नसल्यास, सुतारास एक दिवसाची सवड देऊन अर्जदाराची उजवी फळी डावीइतकी खरबरीत करण्याची मंजुरी व्हावी, म्हणजे पुढच्या खेपेस ती बाई विचारायला आली, तर अर्जदारास निदान एकदा नाही म्हणता येईल. कळावे.