ढग हाकलणारी

मी एक पवनचक्की आहे. आटपाडीच्या पूर्वेला उघडा माळ लागतो, तिथे आम्ही चौघी उभ्या आहोत. त्यातली कडेची, मेंढरांच्या वाटेवरची, ती मी. सध्या माझी तिन्ही पाती बांधून ठेवली आहेत. मोठी क्रेन आली की मला उतरवतील. त्याआधी माझ्यावर आलेल्या एका आळाची गोष्ट सांगते.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे आले. माझी पाती लांबलचक गाडीवरून येत होती. आष्ट्याच्या वळणावर गाडी अडकली, तेव्हा लोक हातातली कामं टाकून बघायला आले. एका म्हातारीनं तर पात्याला हळदीकुंकू लावलं. मला वाटलं, पुढेही असाच मान मिळेल.

माळावर भेटला तात्याबा. खांद्यावर घोंगडी, कमरेला गोफण, पुढे साठ-सत्तर मेंढरं. त्या साली दुष्काळ होता. पश्चिमेकडून ढग भरून यायचे आणि माळावर थेंबही न टाकता पुढे निघून जायचे. नेमकी तेव्हाच माझी पाती जोरात फिरायची. तात्याबाचा जन्म मेंढरं हाकण्यात गेलेला. कोण हाकतंय आणि कोण हाकलं जातंय, हे त्याला लांबूनही कळायचं. दोन दिवस मान वर करून त्यानं मला निरखलं आणि निवाडा दिला.

"ही ढग हाकलती."

"आवं, पंखा हाय त्यो," त्याची बायको हरणाबाई म्हणाली.

"पंख्यानं चुलीचा धूर पांगतोय का न्हाई? मग?"

तात्याबानं गोफण फिरवली आणि दगड माझ्या अंगावर सोडला. रंगाचा टवका उडाला. तिथे आज रुपयाएवढा गंज आहे.

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, की बाबा, वारा ढगांना नेतो आणि वाराच मला फिरवतो. आम्ही दोघंही त्याच्याच हुकमातली. पण मला फक्त घरघरता येतं.

हरणाबाईनं मात्र मला वेगळ्याच कामाला लावलं. या माळावर झाड नाही. दुपार कलली की माझी सावली लांबत जाते. ती मेंढरं त्या सावलीत एका रेघेत उभी करायची. सावली सरकली की मेंढरंही सरकायची. याच रेघेत तिची नात अपेक्षा पाऊल टाकायला शिकली. एक, दोन, तीन हे आकडेही ती माझ्या पात्यांवरच शिकली.

माझ्यातही खोट आहे, ती लपवत नाही. वारा असला तरच मी वीज देते. चैत्रातल्या उकाड्यात गावोगाव पंखे चालू होतात, तेव्हा मी बहुतेक गप्प उभी असते. माझी वाट न बघता तेव्हा लांब कुठेतरी कोळसा पेटतो.

दोन वर्षांपूर्वी एकदा जयराज नेहमीसारखा तपासणीला आला. हा आष्ट्याचा मेकॅनिक. चौदा वर्षं माझ्या पोटातली शिडी चढला आहे.

"म्हातारी झाली ही," माझ्यावर थाप मारत तो म्हणाला. "चौघींच्या जागी आता एकच येणार. पण चौघींपेक्षा जास्त वीज देणार."

"कशाला रं एवढी वीज?" हरणाबाईनं विचारलं.

"मावशी, घरात पंखे किती तुमच्या?"

"दोन. आन् सुनंचा मिक्सर."

"मी पहिल्यांदा आलो तवा एक दिवा होता. असंच समद्या जगाचं झालंय. गाड्या बी आता विजेवर पळत्यात. मोठमोठे देश बैठका घेत्यात, धूर कमी करू म्हणत्यात, आन् वीज कमी पडली की परत कोळसा जाळत्यात. त्या धुरानं हवा तापती, पावसाचं गणित बिघडतं."

तात्याबा लांबूनच म्हणाला, "धूर कुठं दिसतोय हितं? ही दिसती."

त्याचं तरी काय चुकलं? डोळ्यांना दिसेल त्याच्यावरच माणूस आळ घेतो.

अपेक्षा आयटीआयमध्ये वीजतंत्री झाली. यंदा वैशाखात तिला पत्र आलं. पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांचं काम शिकायला बोलावलं होतं. एक ऑगस्टला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिचे वडील फौजेत, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तात्याबाचा. आणि तात्याबा म्हणाला, "ढग हाकलायच्या कामाला माझी नात जायाची न्हाई."

ती त्याला घेऊन माझ्या सावलीत बसली. "आबा, टेंभू योजनेतनं नदीचं पाणी आपल्याकडं आलं. एवढा चढ चढून कसं आलं? विजेवरच की."

"ती वीज हिचीच कशावरनं?"

"आन् न्हाई कशावरनं? तारंत समदी वीज एक होती. मेंढरावानी कानाला खूण केलेली नसती तिला."

हरणाबाई पदराआड हसली. तात्याबा हसला नाही. अपेक्षानं पत्राची घडी घातली आणि उठून गेली. त्यानंतर महिनाभर ती माळावर फिरकली नाही. पत्र मात्र तिनं फाडलं नव्हतं. हरणाबाईनं ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं, असं तीच मेंढरांना सांगत होती.

मे संपताना आम्हा चौघींना तारांपासून तोडलं आणि पाती बांधली. तात्याबा खूश झाला. बाजरीचं बी त्यानं काढून ठेवलं. "बांधलीया तिला. आता बघा कसा पडतोय," असं भेटेल त्याला सांगायचा.

जून गेला. पश्चिमेकडून ढग आले आणि नेहमीसारखे वरून निघून गेले. अर्धा जुलै गेला. तात्याबा रोज माझ्या पायथ्याशी बसायचा. एकदा ढगांकडे बघायचा, एकदा माझ्या बांधलेल्या पात्यांकडे. कुणीच हाकत नव्हतं, तरी ढग चालले होते.

अपेक्षाच्या हजर व्हायच्या तारखेला चार दिवस राहिले, तेव्हा तो सकाळीच आला. माझ्याभोवती फिरून त्यानं तो गंज शोधला. घोंगडीच्या टोकानं पुसला. मग कमरेची पिशवी सोडली आणि बिरोबाचा भंडारा त्या डागावर लावला.

"बावीस वरसं तुला बोल लावला," तो हळूच म्हणाला. "चुकलं गं माझं."

मागून हरणाबाई आली होती. "तिची माफी झाली. आन् पोरीचं काय?"

"गाठुडं बांधाय लाग तिचं," तो म्हणाला.

अपेक्षा गेली. पाऊस अजून आलेला नाही, पण माझ्यावरचा आळ गेला. मोडीत निघणाऱ्या एका लोखंडाला याहून जास्त काय हवं? तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्या जागी येईल तिला दगड मारण्याआधी घरातली बटणं एकदा मोजा. न लागणारं एखादं बंद करा. तेवढा धूर तरी कमी.

काल दुपारी मेंढरं माझ्या सावलीत उभी होती. मधे तात्याबा बसला होता. फोन वाजला. हरणाबाईनं तो त्याच्या कानाला लावला. वाऱ्याच्या आवाजात अपेक्षा मोठ्यानं बोलत होती, ते मलाही ऐकू आलं.

"आबा, आज पहिल्यांदा वर चढले. हितनं लय लांबचं दिसतंय. काळं ढग हायत, तुमच्याकडंच निघाल्यात."

तात्याबानं पश्चिमेकडे पाहिलं. मग भंडारा लावलेल्या त्या डागावर हात ठेवला.

"व्हय? मग हाक की हिकडं," तो म्हणाला.