उपाशी बुरशी

"म्याडम, हिले आता खायले काईच नाई द्याचं?" शिपाई लटारूभाऊंनी चंबूकडं बोट दाखवलं.

राजुऱ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, कापसाच्या बोळ्याआड, बुरशी पांढरी गादी पसरून बसली होती.

"नाई भाऊ," उमेरा मॅडम म्हणाल्या. "पोट भरलं असलं का नुसती वाढते. साखर संपली का मंग जंतू मारणारं औषध बनवते."

"म्हंजे उपाशी ठेवून काम करून घ्याचं."

"हो."

"संस्थेवाल्यायचीच रीत दिसते."

मॅडम हसल्या. त्या वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. निवड कमिटीपुढं बुरशीचं औषध दाखवा, कायम करू, असं संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. नोकरी चंबूत अडकली होती.

लटारूभाऊंना औषध पटलं, उपास पटेना. त्यांच्या दारातून कुत्रंसुद्धा रिकाम्या तोंडी गेलं नव्हतं. एकदा माकडाला पोहे दिले, तर ते प्राचार्यांचा चष्मा घेऊन गेलं. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. चहा झाला की रोज ते बोळा काढून चमचाभर साखर आत सोडत.

"खाय बाई. म्याडमचं काम हाय, जीव लावून कर."

बुरशी बाळसं धरू लागली. कमिटीच्या सकाळी तर त्यांनी साखरेचा डबाच पालथा केला. मोठ्या दिवशी कोणी उपाशी नसावं.

मॅडमनी आदल्या दिवशीच चंबूतल्या पाण्याचा थेंब जंतूंच्या ताटलीत सोडला होता. थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं दिसायला हवं होतं. कमिटीसमोर झाकण उघडलं. कडं नव्हतं. जंतूंची तब्येत उत्तम होती.

"औषध नाही," कमिटीचे साहेब चंबूत डोकावत म्हणाले. "वाढ मात्र छान." नवरदेवाच्या पोटाविषयी बोलावं तसा सूर होता. मग सगळे समोशांकडं गेले.

"पुढच्या वर्षी पाहू," जाताजाता अध्यक्ष म्हणाले.

लटारूभाऊंनी चहा आणला. मॅडमनी घोट घेतला.

"साखर नाई टाकली का भाऊ?"

"संपली."

"कालच तर डबा भरला होता तुम्ही."

लटारूभाऊंची नजर चंबूकडं गेली. मॅडमचीही गेली. पांढऱ्या गादीवर काही दाणे अजून चमकत होते.

मॅडमनी तो अगोड चहा शेवटपर्यंत प्यायला.

लटारूभाऊंनी रोजच्यासारखा कप धुवायला हात पुढं केला. मॅडमनी कप दिला नाही. नळाखाली स्वतःच विसळला. मग चंबूही.