आशाच्या नावची मूठ

उमाकांत सर कॉलेजातून निवृत्त झाले, पण व्याख्यान काही सुटलं नाही. विषय ठरलेला, परंपरावादी राजकीय विचाराचा उगम आणि विकास. 'पुराणमतवाद' हा पाठ्यपुस्तकातला शब्द त्यांना शिवीसारखा लागे. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, त्या धसक्यातून युरोपात हा विचार जन्मला, एवढं सांगून ते थांबत, चष्मा पुसत आणि म्हणत, "आपल्या खानदेशात मात्र त्याला जन्म घ्यावा लागला नाही. तो कानबाईच्या रोटात आधीपासून आहे."

मग रोटाची गोष्ट. श्रावणात कानबाई देवी घरात बसते, तेव्हा घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि त्याच पिठाचे रोट होतात. रोट भाऊबंदांनीच खायचे. लग्न करून दिलेल्या लेकीने खायचे नाहीत, ती सासर सोडून कायमची परत आली तरी नाहीत. "ही रीत कोणी केली? कोणीच नाही! ती पिढ्यांच्या शहाणपणातून आली. म्हणून ती मोडण्याचा अधिकार कोणा एकाला नाही." इथे हमखास टाळ्या पडत. नंदुरबारला पडत, शहाद्याला पडत, पुरुषोत्तमनगरला तर एकदा लोक उभे राहिले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत बायका किती असत, हे सरांनी कधी पाहिलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी आशा यंदा उन्हाळ्यात नवऱ्याला सोडून आली. नवरा मारत होता. सर स्वतः जीप घेऊन तिला आणायला गेले होते, तेवढा त्यांचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे. पण गाव रनाळ्याच्या पुढचं, लहान. नळावर बाया रोज विचारायच्या, "आशा, कितला दिन शे?" काय सांगणार? श्रावण लागला तसं तिने वडिलांना एकच मागितलं.

"नाना, यंदा मन्ही मूठ टाकशात ना? मूठ पडनी का कोणी इचारावं नही, कितला दिन शे म्हणीसन."

"टाकसू ना. घर तुन्हंच शे," सर म्हणाले. बोलताना त्यांना स्वतःचं व्याख्यान आठवलं नाही. माणसं आपलं बोलणं दुसऱ्यांसाठीच करतात.

यंदा कानबाई पुतण्याकडे, राजेंद्रकडे होती. राजेंद्र पक्षाचा पदाधिकारी आणि काकांचा पट्टशिष्य, त्यांची व्याख्यानं त्याला तोंडपाठ. ओसरीवर भाऊबंद जमले होते. तो एकेकाचं नाव घेऊन सुपात मूठ टाकत होता. उमाकांत सरांचं नाव झालं, तेव्हा सर म्हणाले, "आशानी मूठ बी टाक."

राजेंद्रचा हात थांबला. "काका, दिधेल पोर शे ती."

"परत उनी ना."

"परत उनी म्हणीसन काय व्हस?" आणि त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. कोणीच केली नाही, पिढ्यांचं शहाणपण, कोणा एकाला अधिकार नाही. शब्द सगळे सरांचे. चष्मा नव्हता, म्हणून पुसायचा तेवढा राहिला.

 ही रीत कोणी केली, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांची बहीण मीनाबाई अशीच सासर सोडून आली होती. पहिल्या वर्षी तिने सगळ्यांच्या पंगतीत रोट खाल्ले, कोणी हूं की चूं केलं नाही. पुढे तिने पाटाजवळच्या शेतात वाटा मागितला. सर तेव्हा नुकतेच प्राध्यापक झालेले, जीभ धारदार. पुढच्या कानबाईला याच ओसरीवर ते म्हणाले होते, जी रोट खाते ती घरची, आणि घरची तीच वाटेकरी. तेव्हा आधी रोट बंद करा. वर मेलेल्या आजोबांचं नाव ठोकून दिलं, म्हणे आजोबांच्या काळापासून असंच आहे. ओसरीवरचा एकही गडी बोलला नाही. बहिणी सगळ्यांनाच होत्या. मीनाबाई पंगतीतून उठली, गावातून गेली आणि वारलीही परगावीच. पुढे सरांनी ती थाप इतक्या ठिकाणी सांगितली, की तिचा सिद्धांत झाला.

"राजेंद्र," सर म्हणाले, "ती रीत मीच बनाडेल शे. मीनाले वाटा देवाना नव्हता म्हणीसन. आज्यानं नाव मी खोटंच सांगं."

 कोणीतरी हसलं. सर धुडकू आप्पांकडे वळले. भाऊबंदांत सगळ्यांत वडील तेच, आणि त्या दिवशी इथेच बसलेले. "आप्पा, तुम्ही सांगा. तुम्ही व्हतात ना?"

आप्पांनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "खोटं नको बोलू, उमाकांत. मन्हा आज्याना येळपाईन हाई रीत शे. मन्हा डोयानी देखेल शे मी."

आप्पा लबाडी करत नव्हते, त्यांना खरोखर तसंच आठवत होतं. सरांनी इतकी वर्षं घासून घासून ती आठवण त्यांच्या डोक्यात बसवली होती. राजेंद्रने मायेने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरना मायामा माणूस काय बी बोलस, काका. आम्हले समजस." आणि त्याने पुढचं नाव घेतलं.

सर घरी आले. आशा ओट्यावर वाट बघत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, मीनाबाईसकट, काही न लपवता. कुणाला तरी ते पटायला हवं होतं.

आशाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मीना फुईले पंगतमाईन उठाडं, तवय मी व्हतू का?"

"व्हती. मन्हा मांडीवर व्हती तू."

"मांडीवर पोर लिसन बोलनात ते तुम्ही? तुमले काहीच नही वाटनं?"

काहीतरी बरं सांगता आलं असतं. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? पण त्या दिवशी त्यांना खरंच बोलायची खोड लागली होती.

"माले वाटनं," ते म्हणाले, "तुन्हा मांगून आंडोर व्हई, वंशना दिवा."

त्या दिवशी सरांचं एवढं एकच बोलणं कोणीतरी लगेच खरं मानलं.