घोंगडीखालचा करंट

ती वही खरं तर ज्ञानदाची. माझी लेक दहा महिन्यांची आहे. ती कधी प्यायली, किती झोपली, अंग किती तापलं, हे सगळं मी त्यात वेळेसकट लिहून ठेवते. माझ्या सासूबाई पुष्पाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या वहीला 'हजेरी' म्हणायच्या. लेकरू काय शाळेत आहे का, असं शेजारणींसमोर विचारायच्या. पण दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ज्ञानदाला ताप चढून झटका आला. अंबडच्या डॉक्टरांनी किती वाजता आला, किती वेळ राहिला असं विचारलं, तेव्हा आमच्यापैकी फक्त मला उत्तर देता आलं. त्यानंतर हजेरीची थट्टा जरा कमी झाली.

त्या दिवशी आम्हाला तारलं ते आमच्या जुन्या लाल गाडीनं. आमचं घर वडीगोद्रीपासून तीन किलोमीटर आत, मोसंबीच्या बागेला लागून आहे. माझ्या नवऱ्यानं, भारतनं, चावी फिरवली आणि पंचवीस वर्षांची ती गाडी पहिल्या दमात सुरू झाली. झटका दोन मिनिटांतच थांबला होता. रस्त्याला लागेपर्यंत लेक डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, काही लेकरांना तापात होतं असं, मोठी झाली की जातं. पण पुन्हा आला आणि पाच मिनिटांत थांबला नाही, तर लगेच घेऊन या. 'लगेच' या शब्दाखाली मी वहीत दोन रेघा मारल्या.

आणि दिवाळी होत नाही तोच तीच गाडी सकाळी सुरू होईनाशी झाली.

सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरायचं, पण पेटायचं म्हणून नाही. भारत एका जिनिंगवर सुपरवायझर आहे. कापसाचा हंगाम, सातला निघावंच लागतं. चार दिवस आम्ही दोघांनी ढकलून बघितली. आत्या ज्ञानदाला कडेवर घेऊन लांबून हुकूम द्यायच्या, की नुसतं ढकलू नका, दम लावा. पाचव्या दिवसापासून भारत ढकलायचं सोडून, दोनदा सेल्फ मारून मुकाट मोटरसायकल काढू लागला. गंमत म्हणजे दहा-साडेदहाला मी उगाच चावी लावून बघायची, तर बाईसाहेब पहिल्या फटक्यात चालू. संध्याकाळी भारतला सांगितलं तर तो म्हणायचा, गाडी तुला भिते.

त्यानं बॅटरी चार्ज करून आणली. टर्मिनलवर चढलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. प्लग बदलले, मग कॉईल बदलली. सकाळी पुन्हा तेच रडगाणं. शेवटी शुक्रवारी जेवताना त्यानं सांगून टाकलं, की अंबडचा हरिओम जुन्या गाड्या घेतो, तो रविवारी सात वाजता येतोय, आहे तशी घेऊन जाईल. मग नवी कधी, तर बघू, पुढच्या हंगामात.

मांडीवर झटका आलेलं लेकरू, खाली मोटरसायकल, आणि अंबडपर्यंतचा रस्ता, हे सगळं मला ताटातच दिसायला लागलं. मी म्हटलं, "रविवारपर्यंत मला बघू द्या."

"बघ," भारत म्हणाला. "पण हरिओमला जबान देऊन बसलो मी. सकाळी सुरू झाली तर ठिवू, न्हाई तर गेली."

शनिवारी मी धम्मपालभाऊंना फोन लावला. हायवेवर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॅक्टरांचे लाईट लावायला रांग लागलेली, त्यामुळे यायला बिलकुल टाईम नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मग मी त्यांना वही वाचून दाखवली. ज्ञानदाच्या पानांमागं मी गाडीचीही हजेरी मांडत होते. तेरा दिवसांत अकरा वेळा सकाळी बंद. मंगळवारी सुरू झाली, आदल्या रात्री आभाळ आलं होतं आणि दव पडलं नव्हतं. गुरुवारीही सुरू झाली, आदल्या रात्री भारतनं ती कापसाच्या शेडमध्ये लावली होती. बाकी रोज उन्हं बॉनेटवर आल्यावरच.



"वहिनी, असं तर माझ्याकडचा एक माणूस लिहीत न्हाई," धम्मपालभाऊ म्हणाले. "पार्ट बिघडला न्हाई मंग. वल हाय. करंट वलीतून पळून राह्यला."

त्यांनी समजावून सांगितलं. कॉईलमधला जबरदस्त करंट एका गोल काळ्या टोपीत येतो आणि तिथून जाड वायरींनी प्लगांना वाटला जातो. टोपीवर काही ओलं असलं, तर तो प्लगापर्यंत जायचे कष्ट घेत नाही, जवळच्या लोखंडात उतरतो. ऊन लागलं, ओल वाळली, की पुन्हा सरळ. कुठून पळतो ते दिसतं, पण अंधारात दिसतं.

मी फोन ठेवला आणि मला एकदम खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला आत्यांनी विळे, कुदळी, फवारणीचा पंप, मिक्सर आणि गाडी, सगळ्यांची पूजा केली होती. बॉनेट उघडायला लावून त्यांनी भारतला विचारलं होतं, हिचा जीव कुठं असतो? त्यानं हसत त्या काळ्या टोपीवर बोट ठेवलं. आत्यांनी टोपीला हळदकुंकू लावलं आणि लाल नाडा बांधला. मी पळतच जाऊन बॉनेट उघडलं. नाडा होता तसाच टोपीच्या गळ्यात.

खरं सांगते, मला आनंद झाला. चोर सापडल्याचा तर झालाच, शिवाय तो माझा नव्हता याचाही.

आत्यांना सांगणं मात्र अवघड होतं. आमच्याकडं पूजेचा नाडा सोडत नाहीत, पुढच्या खंडेनवमीपर्यंत तो आपोआप गळून पडायचा. मी करंट, ओल, टोपी असं काहीतरी बोलत राहिले. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, ज्ञानदाला माझ्याकडं दिलं आणि स्वतः जाऊन नाडा सोडला. कोरड्या फडक्यानं टोपीवरचं कुंकू पुसलं, गाडीला हात जोडले.

"गाडी धावली पाह्यजे," एवढंच म्हणाल्या. "माझं काय, मी तिच्या चाकाला बांधीन."

रविवारी सहाला उठले तर दव असं पडलेलं, की गाडीच्या काचेवर बोटानं नाव लिहावं. भारत चावी घेऊन बसला. मी ओट्यावर, आत्या माझ्यामागं, ज्ञानदा त्यांच्या पदरात गुंडाळलेली. घर्र, घर्र, घर्र. पेटली नाही. पुन्हा मारली. नाही.

आत्या अंगणातल्या तुळशीकडं बघत उभ्या राहिल्या. त्या तुळशीच्या कट्ट्यावर काल त्यांनी तो नाडा ठेवला होता.

भारतनं मोबाईलमध्ये वेळ बघितली. "हरिओम निघाला असंल. राहू दे आता."

"अंधार करायचा राहिलाय," मी म्हटलं.

बाजेवरची जाडजूड घोंगडी ओढून आणली. धम्मपालभाऊंनी बजावलेलं सगळं आठवून आठवून केलं. केस घट्ट बांधले, ओढणी काढून ओट्यावर टाकली, इंजिनाचा पंखा कुठं आहे ते बघून त्याच्यापासून लांब उभी राहिले, पेट्रोलचा वास येत नाही ना, ते दोनदा हुंगलं. मग बॉनेटवरून आणि माझ्या डोक्यावरून घोंगडी घेतली. हात कंबरेवर, कारण हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. बाहेर आत्या ज्ञानदाला म्हणत होत्या, बघ तुझ्या आईला गाडी गिळून राह्यली. ज्ञानदा खिदळली.

"फिरवा," मी आतून सांगितलं.

मेंढीच्या लोकरीचा आणि तेलाचा वास. इंजिन हललं. आणि मला दिसलं. टोपीपासून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत निळ्या मुंग्यांची रांग लागावी तसं काहीतरी टिकटिकत उतरत होतं. खरं तर सुंदरच होतं ते. पण चालत कशावरून होतं? नाडा तर कालच निघाला होता.

चावी बंद करायला सांगितली आणि मोबाईलची बॅटरी लावली. काळ्या वायरी, काळी टोपी, काळं तेल, आणि त्यात एक काळा दोरा. टोपीला दोन वेढे घेतलेला, खालचं टोक पट्टीला घट्ट बांधलेलं. गाठीवर गाठ, अशा सात गाठी.

सात गाठी आमच्या घरात एकच बाई मारते.

दवाखान्यातून आल्यावर मी वडीगोद्रीहून काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं होतं. राजूरच्या गणपतीचा अंगारा घरात होता, तो ओल्या बोटांनी दोऱ्यात चोळला. एक ज्ञानदाच्या पायात बांधला, एक पाळण्याला. आणि उरलेला गाडीला, तिनं माझ्या लेकीला वेळेवर पोचवलं म्हणून, तिलाही कुणाची नजर लागू नये म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं. बीएस्सी झालेली सून काळे दोरे बांधते, हे कोण सांगतं? नंतर ते माझं मीच विसरले. दोऱ्यात राख, राखेवर दव. करंटला मी पायघड्याच घातल्या होत्या.

घोंगडीखाली मला कुणी बघत नव्हतं. चावी बंद होती. दोरा कापून मुठीत घेतला असता तर गाडी सुरू झाली असती, आणि दोष कायमचा त्या लाल नाड्यावर राहिला असता. तेवढ्यात बाहेरून आत्यांनी विचारलं, "दिसलं का गं काही?"

मी डोकं बाहेर काढलं. "आत्या, तुमच्या नाड्याचं काही नव्हतं. माझा दोरा आहे."

सगळं सांगितलं, अंगाऱ्यासकट. भारत स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागला. आत्यांनी मात्र गंभीर तोंडानं विचारलं,

"बीएस्सी कशात केली व्हती गं तू?"

"फिजिक्समध्ये."

"वीज शिकिवली व्हती का त्यात?"

"होय."

"बरं," आत्या म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना इतकं हसू आलं, की ज्ञानदाला माझ्याकडं द्यावं लागलं.

भारतनं दोरा सोडला, सातही गाठी, एकेक करत, मला ऐकू जाईल असं मोजत. टोपी कोरडी पुसली. चावी मारली. गाडी एक आचका देऊन सुरू झाली, आणि सुरूच राहिली.

ती तशी सुरू असतानाच हरिओम मोटरसायकलवरून अंगणात आला. त्यानं हेल्मेट काढलं, गाडीकडं बघितलं, भारतकडं बघितलं.

"सकाळी चालू व्हत न्हाई म्हणले व्हते ना तुम्ही?"

भारतनं फडक्याला हात पुसले. मला काय बोलायचं ते मी कालपासून तयार ठेवलं होतं. डॉक्टर, पाच मिनिटं, अंबड, सगळं क्रमानं. ते बोलायची वेळच आली नाही.

"चहा घ्या हरिओमभाऊ," भारत म्हणाला. "गाडी न्हाई देता येणार. आमच्या घरात हजेरीत नाव चढलं की काढीत न्हाईत."

हरिओमला काही कळलं नाही, पण चहा त्यानं दोन कप घेतला, आणि घ्यायला आलेल्या गाडीचं तोंड भरून कौतुक करून गेला.

तो गेल्यावर आत्यांनी तुळशीवरचा लाल नाडा उचलून गाडीच्या आतल्या आरशाला बांधला. तिथं चालेल ना, असं मला विचारून. मग काळा दोरा झटकला, अंगाऱ्याची राख उडवली आणि माझा डावा हात ओढून मनगटाला बांधून टाकला.

"भेव ज्याला, दोरा त्याला बांधावा," म्हणाल्या. "गाडीला कसलं भेव?"

मी वही काढली. रविवार, सहा बावन्न, भरपूर दव, सुरू.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी गुपचूप चावी घेऊन अंगणात गेले. सुरू झाली. मंगळवारीही जाऊन बघितली. बुधवारी घरातून भारतचा झोपाळू आवाज आला, की निदान आज तरी गाडीला झोपू दे, सातला मीच उठवतो तिला.