चहासोबतची बाटली

लालबागच्या मिरची गल्लीतून नाकाला रुमाल न लावता एकदा जाऊन दाखवा, मग पुढचं बोलू. मार्च ते मे, अर्ध्या मुंबईचा वर्षाचा मसाला इथे कुटला जातो. तुमचाही जात असेल. आपण चार शिंका देतो, डबा उचलतो आणि घरी जातो. कुटणारे मात्र दहा-दहा तास तिथेच उभे असतात.

हितेंद्र राऊळ बारा वर्षं दीपकशेठच्या कांडपावर उभा होता. खोकला तर तिथे सगळ्यांनाच. त्यावर शेठनी तोडगा काढलेला: हंगामात सकाळच्या चहाबरोबर प्रत्येक कामगाराला खोकल्याच्या औषधाची एक बाटली. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, खोकेच्या खोके थेट दुकानात. केवढा मायाळू शेठ! बाटली पोटात गेली की खोकला थांबायचा, अंग हलकं व्हायचं, आणि माणूस तक्रार न करता राबायचा.

हितेंद्रची बायको सीमा चाळीत ताठ मानेनं वावरायची ती एकाच गोष्टीवर. तिचा नवरा दारूला शिवत नव्हता. मजल्यावर बारा बिऱ्हाडं. दिवेलागणीला नऊ घरांत भांडी आपटायची, तिच्या घरात नाही. हा मान तिला जिवापाड प्रिय होता, आणि त्याच्यापायी तिनं उघडे डोळे मिटून घेतले. एका बाटलीच्या तीन झाल्या. हितेंद्र जेवता जेवता डुलू लागला, सारखं अंग खाजवू लागला. चार वर्षांची अपूर्वा गळ्यात पडली तरी हसेनासा झाला.

"दमतात हो," सीमा म्हणायची.

रविवारी कांडप बंद. त्या दिवशी हितेंद्रला दरदरून घाम फुटायचा, हातपाय कापायचे. म्हणून सीमा शनिवारीच शेठकडून जास्तीची बाटली मागून आणायची आणि पोरीचा हात पोचू नये म्हणून देवाच्या फळीवर ठेवायची.

शेजारच्या कमलमावशीचा नवरा दारूनं गेलेला. तिनं ती बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "गो बाय, बाटली ती बाटलीच. माज्या घोवान पण पयली औषध म्हणानच घेतलेली."

"काहीतरीच काय मावशी! तुमची दारू होती. हे डॉक्टरी औषध आहे, वर छापलेलं असतं," सीमा फणकारली.

एप्रिलचा दुसरा रविवार. सीमा माटुंग्याला पोळ्या करायला गेली होती. बापाच्या शर्टातली मिरचीपूड घरभर झडायची, त्यानं अपूर्वा सकाळपासून खोकत होती. खोकून खोकून रडकुंडीला आली. हितेंद्रला कळवळा आला, हो, बापच होता तो. त्यानं फळीवरची बाटली काढली, दोन टोपणं स्वतः घेतली आणि दोन टोपणं लेकीला पाजली. "घे बाळा, बाबाला बरं वाटतं ना, तुलाही वाटेल." खोकला खरंच थांबला. पोर बापाच्या मांडीवर झोपली, बापही भिंतीला टेकून झोपला.

चार वाजता सीमा आली. दोघांना तसं पाहून तिला इतकं बरं वाटलं की तिनं पोरीच्या अंगावर ओढणी घातली आणि चहा टाकला. कमलमावशी दूध मागायला दारात आली म्हणून, नाहीतर ती चहा पीत बसली असती.

"सीमा! पोरीचे ओठ बघ कशे झालेत! श्वास खंय घेता ती?"

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिलंत हिला?"

"औषधच दिलंय," सीमा म्हणाली आणि निघताना हितेंद्रजवळून उचललेली बाटली पर्समधून काढून दिली.

डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं. "यात अफूचा अंश आहे, बाई. एवढ्याशा जिवाला? आणि घरात कोण घेतं हे? किती?"

सीमाचा चाळीतला सगळा मान त्या एका प्रश्नात मातीला मिळाला. अपूर्वाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. आज काही सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सीमाला आता दुसरं काही नको होतं, पोर फक्त जगायला हवी होती.

सकाळी अपूर्वानं डोळे उघडले. हे सांगायला सीमा हितेंद्रला शोधत सुटली. तो हॉस्पिटलच्या जिन्याखाली बसला होता, खिशातली दुसरी बाटली तोंडाला लावून. तिला पाहून ढसाढसा रडला, पण बाटली सोडली नाही. "मला मार, सीमा. पण ही घेऊ नको गं. अंग फाटतंय माझं."

तिनं मारलं नाही. कमलमावशीला पोरीपाशी बसवलं आणि तडक मिरची गल्ली गाठली.

कांडपावर नुकताच चहा आला होता. शेठ खोका फोडून वाटायलाच बसले होते. सीमानं तो खोकाच उचलून छातीशी धरला.

"शेठ, माझी पोर या औषधानं मरता मरता वाचली. नवरा तर माझ्या हातानंच वाया गेला, मीच आणून देत होते. आता एकही बाटली कुणाला मिळणार नाही. पोलिसांत चाललेय मी."

"अगं, वेडी का तू? मी औषध देतो, विष नाही. विचार की यांनाच!" शेठ म्हणाले.

सीमा कामगारांकडे वळली. सात जण होते, कपडे तिखटानं लाल, डोळेही लाल. तिला वाटलं, हे आपल्या बाजूनं उभे राहतील. यांच्याही घरात पोरं आहेत.

सगळ्यांचे डोळे तिच्या हातातल्या खोक्यावर होते. शेवटी सगळ्यात म्हातारे गणपतकाका पुढे आले. तिच्या लग्नात यांनीच अंतरपाट धरला होता. त्यांनी हात जोडले.

"पोरी, तू म्हणतेस ते खरं आहे. जा पोलिसांत, मीही येतो साक्षीला," काका म्हणाले. "पण त्याआधी त्यातली एक मला दे. एकच दे, बाय. तिच्याशिवाय मला तिथवर चालवणार नाही."

सीमा खोका घट्ट धरून रडत उभी राहिली. दारात मसाला न्यायला आलेली गिऱ्हाईकं खोळंबली होती. त्यातल्या एकीनं नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "आमचे पाच किलो कधी होतील?"