वारस नसलेली नोंद

वाशीच्या बाजारातल्या एका हमाल संघटनेचं सॉफ्टवेअर राजेश्वरी सांभाळायची. आरोग्य शिबिरासाठी हयात सभासदांचा नेमका आकडा हवा होता. पडद्यावर वर आकडा यायचा ११४३, खाली यादीत नावं मात्र ११४२. तिनं नोंदी शोधणारी क्वेरी तीनदा चालवली. एक माणूस मोजला जात होता, पण दिसत नव्हता.

दुपारपर्यंत तिला कोडमधली मेख सापडली. मोजणी हयात सभासदांच्या सगळ्या नोंदींची होत होती. यादी मात्र वारसांच्या तक्त्याशी जोडून निघत होती. ज्याला वारसच नाही, तो गळायचा. तिनं ती एकच नोंद वेगळी काढली. धनाजी कणसे. विश्रांतिगृहातली शेवटची हजेरी: आज, सकाळी पाच चाळीस.

"दत्तूकाका, धनाजी कणसे कुठल्या गाळ्यावर असतात?" तिनं शिपायाला विचारलं.

काकांचा चहाचा कप ओठापाशीच थांबला. "धन्या? तो दोन वर्सामागं तापानं गेला की. आमीच पोचवला त्याला."

राजेश्वरी पडद्याकडं वळली. तिनं जुन्या हजेऱ्या उघडल्या. दोन वर्षांत एका दिवसाचा खाडा नव्हता. आणि दर वेळी धनाजीच्या अर्धा मिनिट आधी एकच नाव: जोतीराम माने.

निरोप गेल्यावर जोतीराम आला. साठीचा, पाठीत वाकलेला. न विचारताच त्यानं खिशातून दोन कार्डं काढली.

"वीस वर्सं जोडीनं पोत्यांच्या थप्प्या लावल्या, पोरी. त्याच्या मागं कुणी न्हाई. मेल्याचा दाखला आणून द्यायला बी कुणी न्हाई. कार्ड लावलं की मशीनवर नाव उमटतं त्याचं. तेवढंच."

"पण काका, आकडा चुकतोय."

त्यानं धनाजीचं कार्ड अंगठ्यानं पुसलं. मग त्यानं स्वतःच धनाजी गेल्याची तारीख सांगितली. तिनं ती भरली, बिनवारशांची नावंही यादीत येतील असा कोड सुधारला आणि क्वेरी चालवली.

"किती झालं?"

"अकराशे बेचाळीस. दोन्हीकडं."

त्यानं धनाजीचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघाला. दोन कपाटांमधल्या चिंचोळ्या वाटेत मात्र थबकला, पाठ कपाटाला लावून अंग चोरून उभा राहिला. ओझं घेतलेल्या जोडीदाराला आधी वाट द्यावी तसा. क्षणभर थांबून तोही बाहेर पडला.

राजेश्वरीला पडद्यावरच्या त्या आकड्याकडं बघवेना. ती दाराकडंच बघत राहिली.