पंपघराच्या पुढे

सकाळी सातच्या बारा नंबर बसमध्ये ती चढली तेव्हा काचांवर दव होतं. मागून म्हातारा, निवृत्त कंडक्टर चढला. तिच्या नवऱ्याच्या गाडीवर त्याने एकोणीस वर्षं घंटी मारली होती. तो तिला वहिनी म्हणे, ती त्याला भाऊजी.

नवरा काल सकाळी खाकी सदरा घालून बाहेर पडला होता, तो परतलाच नव्हता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून त्याच्या डोक्यातले रस्ते एकेक करून बुजत चालले होते. तिने गल्ल्या पालथ्या घातल्या, दवाखाने पाहिले, चौकीत वर्दी दिली. उजाडता उजाडता भाऊजींना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "सदरा खाकी ना? मग आधी बारा नंबर बघू."

या मार्गावर त्याने सव्वीस वर्षं गाडी हाकली आणि ती एकदाही इथे आली नव्हती. घरचं बघायचं सोडून फिरायला कुठे सवड होती! पण थांबे तिला पाठ होते. झोपेत तो ते म्हणायचा: भट्टीचा कोपरा, रंगाऱ्यांची गल्ली, दवाखान्याचं मागचं दार, कापड गिरणी, पंपघर, खाण. कुणाचा नवरा झोपेत परक्या बाईचं नाव घेतो, ती शेजारणीला सांगायची, आमचे पंपघराचं घेतात.

भट्टीच्या कोपऱ्यावर ती दोघं उतरली. भट्टी कधीच विझली होती. तिथे आता लोखंडी जाळ्या जोडायची दुकानं होती, आणि सकाळपासूनच निळ्या ठिणग्या उडत होत्या. भाऊजींनी विचारल्यावर एका वेल्डरने काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"मामा ना? काल दोनदा गेले इथून. मी हात केला, त्यांनीपण केला."

तिच्या पायांत जोर आला. जिवंत होता, बसला होता, हात करत होता.

पुढच्या गाडीने रंगाऱ्यांची गल्ली. दोरीवर ओली कापडं, कापडाखाली जांभळं गटार, गटाराकाठी कोपरापर्यंत निळी झालेली बाई. कापड पिळता पिळताच ती म्हणाली, "ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते, राजासारखे. संध्याकाळी पण तेच, तिथेच. तू कोण त्यांची?"

"बायको."

"मग सकाळीच यायचं होतंस, बाई. काल सकाळी."

भाऊजी म्हणाले, "चला वहिनी, गाडी आली."

या गाडीची कंडक्टर तरणी होती, बोलायला फटकळ. भाऊजींना पाहून तिने पुढची सीट रिकामी करवली आणि तिकिटाचं यंत्र पाठीमागे लपवलं. "आज काय, जुनी मंडळी मिरवायला निघालीत? काल मामा होते, आज तुम्ही."

"काल कुठवर होते?"

"दिवसभर. माझ्याच गाडीने चार फेऱ्या मारल्या. शेवटच्या थांब्यावर उतरायचे, पुन्हा चढायचे. मी म्हटलं, हौस आहे म्हाताऱ्याला."

"कुठे उतरायचंय, विचारलं नाहीस?"

ती ओशाळली. "आपल्या माणसाला तिकीट विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? तिकीट नाही, तर कुठे उतरणार हे तरी कसं विचारणार?"

भाऊजींनी मान खाली घातली. डेपोत ही रीत पाडली होती ती त्यांच्याच पिढीने.

बाहेर दवाखान्याचं मागचं दार गेलं. मळक्या चादरींची गाठोडी, आणि दाराशी उभी माणसं, एकमेकांकडे न बघणारी. कापड गिरणी गेली. छप्पर नव्हतं, धुराडं तेवढं उभं. हे सगळं तो रोज बघत होता, आणि घरी येऊन फक्त म्हणायचा, आज गर्दी होती.

"पंपघरानंतर खाण ना?" तिने विचारलं.

"खाण बंद झाली, वहिनी. चार वर्षं झाली. आता पंपघरच शेवटचं."

कंडक्टरने लगेच रात्रीच्या शेवटच्या फेरीच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो झोपेतून उठला होता, आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मामांना? खाणीवर सोडलं."

"गाडी खाणीवर जाते कुठे?"

"नाही जात. पण ते म्हणाले, माझा मुक्काम खाणीवर, पहाटेची पहिली माझीच आहे. मला वाटलं, तिकडच्या चाळीत राहत असतील. एवढ्या मोठ्या माणसाला पंपघरावर अंधारात उतरवू? गाडी रिकामीच होती, तीन किलोमीटर जास्त मारले. नमस्कार करून उतरवलं. साहेबांना सांगू नकोस हं, मेमो मिळेल." मग त्याने विचारलं, "का गं, काय झालं?"

कंडक्टरने फोन बंद केला.

पंपघरापुढे ती दोघं चालत गेली. चाळ नव्हती, पायाचे दगड होते. दिवे नव्हते, खांब होते. थंडीने गवत करपलं होतं, आणि त्या गवतातून गाडीच्या चाकांच्या दोन ताज्या ओळी गेल्या होत्या, वळून परत आल्या होत्या. ती त्या ओळींवरूनच चालली. भाऊजी मागे पडले, तिने वळून पाहिलं नाही.

ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विसाव्याची खोली खाणीच्या कड्याखाली होती. तीन भिंती उरल्या होत्या. तो आत बाकड्यावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून, सदऱ्याची वरची गुंडी लावून, हात मांडीवर. डोळे उघडे होते.

तिने हाक मारली नाही. शेजारी बसली. हात धरला, दगडासारखा गार. गाल गार. सवयीने तिने त्याच्या काखेत बोटं घातली, तापात घालायची तशी.

"भाऊजी," ती म्हणाली, "इथे अजून ऊब आहे."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली, घड्याळ पाहिलं. साडेनऊ होत होते.

"उन्हाची असेल, वहिनी," ते म्हणाले. "ऊन लागलंय त्यांना."

तिने वर पाहिलं. ऊन कड्याच्या पार वर होतं, खोलीपर्यंत उतरायला त्याला अजून तास-दीड तास लागला असता.

"हो," ती म्हणाली. "ऊनच असेल." आणि बोटं तिथेच ठेवली, ती ऊब जाईपर्यंत.